कऱ्हा आणि भीमा यांच्या मधली धार

सासवडच्या पूर्वेस, माळशिरस गांवाजवळच्या डोंगरावर भुलेश्वराचें पुरातन देऊळ आहे. त्या देवळापाशीं उभें राहून जो पूर्वेकडे तोंड करील, त्याच्या डाव्या हाताला पडणारा पाऊस भीमेला मिळतो आणि उजव्या हाताला पडणारा कऱ्हेला. तोच मनुष्य डोंगराची धार न सोडतां पुढें चालूं लागला, तर तो पाटस आणि उंडवडी यांच्या मधला रोटीचा घाट माथ्यावरून ओलांडील, बारामतीच्या उत्तरेकडील माळरानें तुडवील, इंदापूर तालुक्यांत उतरेल आणि शेवटीं नीरा-नरसिंगपुरास जाऊन पोंचेल. सरळ रेषेंत मोजलें तरी हें अंतर साठ मैलांहून अधिक भरतें. परंतु या सबंध वाटेंत त्याला एकहि ओढा ओलांडावा लागणार नाहीं. कऱ्हा सोनगांवापाशीं नीरेस मिळते व नीरा नरसिंगपुरापाशीं भीमेस. धारेवरून दोन्ही अंगांनीं उतरलेलें पाणी अशा रीतीनें शेवटीं एकाच घाटावर भेटतें.

ही धार म्हणजे सह्याद्रीचा एक फांटा. सिंहगड-पुरंदरच्या बाजूनें निघालेला हा डोंगर पूर्वेकडे जातां जातां ठेंगणा होत जातो. रोटीच्या पुढें तर तो डोंगर न राहतां मुरुमाचा, कुसळी गवताचा एक लांबच लांब उंचवटा होतो. हौशी गिर्यारोहकांचें पाऊल इकडे सहसा वळत नाहीं. येथें कडे नाहींत, किल्ल्यांची रांग नाहीं, धुक्यांत बुडालेलीं अरण्यें नाहींत. पण महाराष्ट्राच्या इतिहासांत या धारेनें जें काम केलें तें पुष्कळ उंच शिखरांनींहि केलेलें नाहीं. पावसाळ्यांत नदीकांठची काळी जमीन गुडघाभर चिखलाची होते. धारेवरचा मुरूम मात्र पायाखालीं घट्ट राहतो. खालीं पिकें उभीं असतात, वर गवत असतें. म्हणून ज्याच्यापाशीं जनावरें होतीं त्याला चालण्यासाठीं धार हीच खरी वाट होती. राजाचा रस्ता खोऱ्यांतून गेला असेल. मेंढपाळाचा रस्ता माथ्यावरून गेला.

ज्या वाटेनें माणसें शतकानुशतकें चालतात, त्या वाटेवरच्या प्रत्येक खुणेला एक कथा चिकटते. भुलेश्वराचीच कथा घ्या. पार्वतीनें येथें नृत्य करून शंकराला भुलविलें, म्हणून तो भुलेश्वर, असें लोक सांगतात. सतराव्या शतकांत विजापूरकरांच्या मुरार जगदेवानें या डोंगरास तटबंदी करून त्याचें नांव दौलतमंगळ ठेवलें. पण तें नांव आज अभ्यासकांच्याच तोंडीं उरलें आहे. किल्ला पडला आणि भुललेला देव राहिला.

कऱ्हेची कथा याहून मार्मिक आहे. पांडवांनीं पांडेश्वरीं यज्ञ मांडला, पण पाणी मिळेना. वर डोंगरांत ब्रह्मदेव ध्यानस्थ बसले होते व त्यांच्या जवळ कमंडलु होता. तो अर्जुनानें लवंडला आणि त्यांतून कऱ्हा वाहूं लागली. कथेचे पाठ गांवोगांवीं थोडे बदलतात, पण गाभा हाच. गंगेच्या कथेंत भगीरथाची तपश्चर्या आहे; कऱ्हेच्या कथेंत देवाच्या नकळत मिळविलेलें पाणी आहे. ज्या मुलखांत वर्षाकांठीं सुमारें वीस इंचच पाऊस पडतो, आणि तोहि कधीं पडतो कधीं पडत नाहीं, तेथील माणसाला पाणी हें मागून मिळत नाहीं, युक्तीनें मिळवावें लागतें, हा अनुभव या कथेंत बोलला आहे.

याच कऱ्हेच्या वरच्या अंगाला जेजुरी. खंडोबाची म्हाळसा ही वाण्याची मुलगी आणि बाणाई ही धनगराची. सारीपाटाच्या डावांत खंडोबा म्हाळसेपाशीं हरला, पणाप्रमाणें बारा वर्षें घराबाहेर पडला आणि बाणाईच्या बापाच्या घरीं वेष पालटून मेंढरें राखूं लागला, असें तिच्या लग्नाची कथा सांगते. देव मेंढपाळाचा चाकर झाला. पुढें दोघी सवतींचें पटेना, तेव्हां बाणाईचें ठाणें गडाच्या चढणीवर, अर्ध्या वाटेंत राहिलें. जेजुरीचा गड चढणाऱ्याला आजहि तिचें देऊळ वाटेंतच लागतें. वाण्याचें गांव आणि धनगराचें रान यांमध्यें देवाला अर्धें अर्धें वांटून घ्यावें लागलें, ही गोष्ट डोंगराच्या पायऱ्यांवरच मांडून ठेवलेली आहे. तिच्यासाठीं निराळा शिलालेख नको.

बारामती, इंदापूर व नीरेपलीकडील फलटण या भागांतील हटकर धनगरांचें वर्ष ऋतूंनीं बांधलेलें असतें. पावसाळ्याचे महिने ते आपापल्या गांवीं, माळावरच्या ताज्या गवतावर काढतात. दसरा-दिवाळी झाली, गवत वाळलें, म्हणजे त्यांचे वाडे हलतात. वाडा म्हणजे कांहीं कुटुंबांचा व त्यांच्या मेंढरांचा एकत्र चालणारा तळ. घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड, कोंकरें आणि वाघूर लादून हे लोक घाट उतरून कोंकणांत जातात. वाघूर म्हणजे रात्रीं मेंढरांभोंवतीं लावण्याचें जाळें. कोंकणांतला शेतकरी भातकापणी झालेल्या खाचरांत मेंढरें बसवून घेतो व त्या खताच्या मोबदल्यांत धान्य देतो. वळवाचे ढग दिसूं लागले कीं वाडे परत फिरतात, कारण कोंकणच्या पावसांत मेंढराचे खूर कुजतात. जातांना आणि येतांना जी वाट लागते ती शक्य तों माथ्यावरची.

या लोकांचीं दैवतेंहि त्यांच्यासारखींच चालतीं आहेत. वीरचा म्हस्कोबा मूळचा सोनारीचा. कमळाजी नांवाच्या धनगराच्या भक्तीसाठीं तो नीरेकांठीं आला, असें सांगतात. फलटण तालुक्यांतील डोंगरांत धुळोबा आहे, दक्षिणेस आरेवाडीच्या बनांत बिरोबा आहे. या देवांच्या ओव्या धनगर ढोल आणि कैताळ यांच्या साथीनें रात्र-रात्र गातात. आरंभीं देवांचें स्मरण करावयाचें, त्याला ते सुंबरान म्हणतात. मग कांहीं कडवीं गाऊन म्हणावयाचीं व तोच प्रसंग पुन्हां बोलून सांगावयाचा, असा या गायनाचा क्रम असतो. ओवींतला देव कोठून निघाला, कोणत्या ओढ्याशीं थांबला, कोठें त्याची मेंढरें बसलीं, कोणत्या गांवकऱ्यांनीं त्याला हांकून दिलें, हें सर्व त्यांत ओळीनें येतें. ऐकणाऱ्या पोराला देवाची कथा पाठ होते आणि तिच्याबरोबर चाऱ्याची व पाणवठ्याची वाटहि पाठ होते.

हा प्रकार केवळ महाराष्ट्राचा नव्हे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांत गेलिक भाषा बोलणारे लोक उन्हाळ्यांत गुरें घेऊन वरच्या कुरणांत जात व तेथील झोंपड्यांत महिने काढीत. या उन्हाळी वस्तीला त्यांच्या भाषेंत ‘आरी’ असा शब्द आहे. त्यांच्या कथांत एक आदिम म्हातारी आहे. तिच्या पाठीवरच्या टोपलींतून दगड सांडले आणि त्यांचे डोंगर झाले, असें ते सांगत. ग्लेन लायन नांवाच्या खोऱ्याच्या एका फांट्यांत दगडांचें एक चिमुकलें घर आहे व त्यांत म्हातारी, म्हातारा आणि त्यांचीं मुलें म्हणून कांहीं झिजलेले दगड आहेत. मे महिन्याच्या आरंभीं तें कुटुंब बाहेर मांडावयाचें आणि नोव्हेंबराच्या आरंभीं पुन्हां आंत ठेवावयाचें, असा तेथला रिवाज आहे. कुरणावर जाण्याचा दिवस व परतण्याचा दिवस यांचीच ती दैवतरूप नोंद. धनगराचा दसरा आणि मृग यांच्याशीं तिची जात एक आहे.

परंतु त्या देशांत पुढें जें घडलें तें विसरतां येत नाहीं. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत जमीनदारांनीं मोठाले मेंढ्यांचे कळप पाळण्यासाठीं खोऱ्यांतून माणसें उठविलीं. कुरणें ओस पडलीं, गेलिक भाषा मागें हटली. त्यानंतर डोंगरांच्या धारा चालण्याचा छंद भरास आला. १८९१ सालीं सर ह्यू मन्रो यांनीं तीन हजार फुटांवरील शिखरांची यादी छापली; १९११ सालीं स्काय बेटावरील कुलिनची संपूर्ण धार दोघां गिर्यारोहकांनीं एका दिवसांत पार केली. चालणारे वाढले, पण शिखरांचीं नांवें ज्या भाषेंत होतीं ती बोलणारे त्या खोऱ्यांत फारसे राहिले नव्हते. नकाशावर तीं नांवें पुष्कळदां चुकीच्या अक्षरांत उतरलीं. इस्ले बेटाच्या जॉन फ्रान्सिस कॅम्पबेल यांनीं १८६० ते १८६२ या काळांत गेलिक लोककथांचे चार खंड प्रसिद्ध केले, म्हणून बरेंच कांहीं वांचलें.

योगायोग असा कीं, पुणें जिल्ह्याचें पहिलें तपशीलवार वर्णन ज्यांच्या देखरेखीखालीं तयार झालें ते जेम्स मॅकनॅब कॅम्पबेल हेहि स्कॉटलंडांत जन्मलेलेच होते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ते संपादक आणि लोकसमजुतींचे स्वतंत्र अभ्यासक. पुणें जिल्ह्याचा खंड १८८५ सालीं निघाला. त्यांत भुलेश्वराची रांग आहे, धनगर आहेत, बारामती व इंदापूर आहे. पण ग्रंथ पडला सरकारी. त्यांत धनगर हा एका जातीच्या सदराखालीं आहे आणि डोंगर दुसऱ्या सदराखालीं. धनगराच्या ओवींत हीं दोन्ही सदरें एकच असतात.

या मुलखाचें वर्णन असें तीन तऱ्हांनीं झालें आहे. पहिली तऱ्हा पंडिताची. कऱ्हेच्या कांठीं, बाबूजी नाईकांच्या आश्रयानें, कविवर्य मोरोपंतांनीं बारामतीस आयुष्याचा मोठा भाग घालविला. १७२९ सालीं पन्हाळ्यास जन्मलेले पंत १७९४ सालीं बारामतीसच वारले. त्यांनीं सारें महाभारत आर्या वृत्तांत उतरविलें. दुसरी तऱ्हा मोजणीदाराची. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं जमीनमोजणीची व सारा ठरविण्याची नवी पद्धत प्रथम इंदापूर तालुक्यांतच लागू केली, आणि पुढें तीच मुंबई इलाख्याची पद्धत झाली. त्या मोजणींत ज्या जमिनीवर सारा बसला ती शेत ठरली व जिच्यावर बसला नाहीं ती पडीक. तिसरी तऱ्हा मेंढपाळाची, कागदावर न उतरलेली. मोरोपंत ज्या गांवीं हस्तिनापुराचें वर्णन लिहीत होते, त्याच्या उत्तरेच्या माळावर पांडवांची कऱ्हा आणि बाणाईचीं मेंढरें ओव्यांतून हिंडत होतीं. मोजणीदाराच्या लेखीं मात्र तो माळ रिकामा होता.

तो रिकामा नव्हता हें इतिहासच सांगतो. मराठी फौजांना ज्यांनीं पाठीवर वाहिलें तीं भीमथडीचीं तट्टें याच भीमा-नीरेच्या मधल्या गवतावर पोसलीं. नीरेकांठचें होळ हें होळकर घराण्याचें मूळ गांव. धनगराच्या घरांतून निघालेले मल्हारराव माळव्याचे सुभेदार झाले तरी जेजुरीच्या देवाला विसरले नाहींत, आणि त्यांच्या घराण्यानें तेथें बांधकामांवर सढळ हातानें खर्च केला. भोसल्यांचेंहि तसेंच. नीरेच्या दक्षिणेस शंभु महादेवाच्या डोंगररांगेंत शिखर शिंगणापूर आहे. त्या कोरड्या माथ्यावर यात्रेकरूंचे पाण्याविना हाल होत, म्हणून मालोजीराजांनीं तेथें तळें बांधविलें. तेच मालोजीराजे इंदापूरच्या लढाईंत पडले असें परंपरा सांगते. त्यांच्या नांवाची गढी इंदापुरांत आहे. चैत्रांत सासवडहून भुतोजी तेली यांच्या नांवाची कावड कऱ्हेचें पाणी घेऊन निघते आणि मुंगी घाटाच्या उभ्या चढणीवरून, माणसांनीं एकमेकांना हात देत, शिखरावर नेली जाते. खोऱ्यांतलें पाणी खांद्यावरून डोंगराच्या देवाला पोंचविणें, हा या मुलखाचा सर्वांत जुना आणि सर्वांत बोलका विधि आहे.

मग काळाचा प्रवाह उलटा वळला. १८७६-७७ च्या दुष्काळानें हा भाग होरपळला. त्यानंतर नीरेचा डावा कालवा झाला व १८८५ च्या सुमारास, म्हणजे कॅम्पबेलांचा ग्रंथ निघाला त्याच वेळीं, त्यांतून पाणी वाहूं लागलें. त्याला पाणी पुरविणारें भाटघरचें धरण १८९२ पर्यंत पुरें झालें. जेथें बाजरी येत होती तेथें ऊंस आला. पुढें साखरकारखाने आले, शाळा-महाविद्यालयें आलीं, बारामतीचें नांव देशभर झालें. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें. इंदापूरच्या उत्तरेस भीमा फुगली आणि पळसदेवचें जुनें देऊळ पाण्याखालीं गेलें. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं तें अजूनहि डोकें वर काढतें. या पाण्यानें हजारों घरांत चूल पेटली, हें कोणी नाकारणार नाहीं. पण दोन पाण्यांच्या मधली धार होती तशीच कोरडी राहिली. पूर्वीं दुष्काळ पडला तर खोरें आणि माथा दोन्ही उपाशी राहत. आतां खोरें हिरवें असतें आणि माथा टँकरची वाट पाहतो.

येथें स्कॉटलंडशीं तुलना केली असतां विलक्षण विरोध दिसतो. तेथें मेंढरांनीं माणसांना हुसकलें. येथें उंसानें मेंढरांना आखडलें. पीक निघाल्यावर मोकळें पडणारें रान बारमाही बागायतीखालीं गेलें, वाटा कुंपणांत अडकल्या, राखीव वनांत चराईला बंदी आली. पडीक म्हणून नोंदलेल्या माळावर झाडें लावणें हें पुण्यकर्म ठरलें. गवत हेंच त्या जमिनीचें खरें पीक आहे, हें ध्यानांत यावयास फार उशीर लागला. सुप्याजवळ १९९७ सालीं मयूरेश्वर अभयारण्य झालें. तें जेमतेम पांच चौरस किलोमीटरांचें आहे, परंतु चिंकारा हरिणासाठीं गवताळ रान राखावें लागतें एवढी कबुली त्यांत आहे. इंदापुरांतील कडबनवाडीच्या माळावरहि चिंकारे व लांडगे आहेत. ज्या लांडग्याशीं धनगर पिढ्यान्‌पिढ्या झुंजला, त्याच्या रानाला आतां मोल आलें. धनगराच्या वाटेला अद्याप यावयाचें आहे.

सुदैवानें या वाटेचे जाणकार वाचकहि निघाले. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याभोंवतालचे डोंगर पायीं धुंडाळीत. १९६२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं अश्मयुगीन बारीक हत्यारें सांपडणाऱ्या जागा आणि गांवदैवतांचीं ठाणीं यांची सांगड घातली, व पालखीच्या वाटांखालीं मेंढपाळांच्या हंगामी वाटा असाव्यात असा तर्क मांडला. रा. चिं. ढेरे यांनीं खंडोबावर व शिंगणापूरच्या शंभु महादेवावर ग्रंथ लिहिले. जर्मन पंडित ग्युंथर सोन्थायमर यांनीं धनगरांच्या वाड्यांवर बसून ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरील त्यांचा ग्रंथ १९७६ सालीं निघाला. रान आणि वसती, या दोहोंच्या देवघेवींतून महाराष्ट्राचीं दैवतें घडलीं, हा त्यांचा सिद्धान्त. १९९२ सालीं ते निवर्तल्यावर ॲन फेल्डहाउस यांनीं बिरोबा आणि धुळोबा यांच्या ओव्यांचें इंग्रजी भाषांतर रामदास आटकर व राजाराम झगडे यांच्या साह्यानें २०१४ सालीं प्रसिद्ध केलें. मात्र पुस्तकांत बंद झालेली ओवी आणि वाटेवर चालणारी ओवी यांत अंतर आहे. पहिली जपली जाते, दुसरी वाट दाखविते. ज्या मुलाला वाडा माहीत नाहीं त्याला ओवींतला पाणवठा हा केवळ एक शब्द राहतो.

तथापि अजून सारें सरलेलें नाहीं. देहूहून निघणारी तुकोबांची पालखी, जिची परंपरा त्यांचे पुत्र नारायणमहाराज यांनीं १६८५ सालीं सुरू केली असें मानतात, पाटस सोडून रोटीच्या घाटानें ही धार ओलांडते. घाट उतरल्यावर पहिला मुक्काम ज्या गांवीं होतो त्याचें नांवच उंडवडी गवळ्याची. बारामतीचा मुक्काम झाला कीं वाटेंत काटेवाडी लागते. तेथें परीट समाज पालखीपुढें धोतरांच्या पायघड्या घालतो, आणि मग धनगर आपलीं मेंढरें पालखीभोंवतीं पळवितात. आषाढाच्या तोंडावरचे ते दिवस. कोंकणांतून वाडे नुकतेच परतलेले असतात. भिजक्या रस्त्यावर मेंढरांचें पांढरें-काळें कडें फिरूं लागतें, टाळ क्षणभर थांबतात आणि मेंढक्याची आरोळी उठते. माथ्यावरची आडवी वाट आणि पंढरीची उभी वाट यांचा तो चौक होय. वाण्याच्या कुळांत जन्मलेल्या संताच्या पालखीला धनगराच्या मेंढरांची प्रदक्षिणा घडते, तेव्हां म्हाळसा आणि बाणाई यांचें भांडण निदान त्या घटकेपुरतें मिटलेलें असतें.

पालखी तेथून सणसर, निमगांव केतकी, इंदापूर या वाटेनें पुढें जाते. धार मात्र आपल्या वाटेनें पूर्वेकडे झिजत राहते. नरसिंगपुरास प्रल्हादानें वाळूची नृसिंहमूर्ति केली असें म्हणतात. त्या देवळाच्या पायऱ्यांखालीं नीरा आणि भीमा एकत्र होतात. भुलेश्वराच्या डाव्या-उजव्या हाताला पडलेला पाऊस येथें पुन्हां भेटतो. साठ मैल कोरड्या पायांनीं चाललेल्या मेंढक्याला पाणी ओलांडण्याचा प्रसंग येथेंच प्रथम येतो, आणि पलीकडच्या तीरावर त्याची पुढची ओवी सुरू होते.